आमच्या मॉरिसचे ब्रेक

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. चढताना हा घाट फार देखणा वाटतो. खाली धोम धरणाचे पाणी चमकत असते, कृष्णेचे खोरे पसरलेले दिसते, आणि जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत वर सरकत असली म्हणजे माणसाला सारे पाहायला सवडही भरपूर मिळते. उतरताना मात्र ज्याच्या हाती सत्तर वर्षांची गाडी आहे त्याने देखाव्याकडे पाहू नये, रस्त्याकडे पाहावे. मी रस्त्याकडेच पाहत होतो, हे आधी सांगून ठेवतो. कारण घरात त्याबद्दल आजही दोन मते आहेत.

जानेवारी २०२३. दुपारची वेळ, रस्ता कोरडा ठणठणीत. आमची मॉरिस मायनर पाचगणीहून खाली येत होती. शेजारी सौ., मागे आठ वर्षांची नात आणि तिच्या मांडीवर स्ट्रॉबेरीची पेटी. वेग फार तर ताशी चाळीस किलोमीटर. एका वळणातून बाहेर पडतो तो समोर बंद पडलेला ट्रक, आणि त्याच्या चाकांना दगड लावणारा क्लीनर चक्क रस्त्यात ओणवा! मी ब्रेक दाबला. नवे कोरे डिस्क ब्रेक होते, वर्षभर खपून बसवलेले. गाडीने पुढच्या बाजूने नाक खाली घातले आणि मागून कुणी शेपटी धरून ओढावी तशी ती फिरली. मागची दोन्ही चाके जागच्या जागी थिजली होती. मी स्टिअरिंग उलट फिरवले आणि नकळत पाय ब्रेकवरून उचलला. तेवढ्यानेच आम्ही वाचलो. गाडी रस्त्यात आडवी होऊन थांबली तेव्हा मागचा बंपर आणि दरीचा कठडा यांच्यामध्ये माझी वीत जेमतेम मावली असती.

नात म्हणाली, "आजोबा, पुन्हा!"

सौ. काहीच बोलली नाही. वाईच्या स्थानकापाशी मात्र तिने गाडी थांबवायला सांगितली, नातीचा हात धरला, स्ट्रॉबेरीची पेटी घेतली आणि ती एस. टी.ने पुण्याला आली. जाताना एवढेच म्हणाली, "अहो, तुमच्या वडिलांच्या हातात ही गाडी कधी फिरली नव्हती."

हे बोलणे मला कठड्याहून अधिक लागले, कारण ते खरे होते.

ही गाडी १९५४ सालची. पुढच्या काचेचे दोन तुकडे असलेले, आठशे तीन सी. सी.चे मॉडेल. मॉरिस मायनर म्हणजे अ‍ॅलेक इसिगोनिस या कल्पक माणसाचे अपत्य. पुढे १९५९ साली ज्याने 'मिनी' ही चिमुकली गाडी जगाला दिली, तोच हा. १९४८ पासून १९७१ पर्यंत इंग्लंडात मायनर निघत राहिली. आपल्याकडेही हिंदुस्थान मोटर्सने तिला 'बेबी हिंदुस्थान' म्हणून मिरवले होते. वडिलांनी आमची गाडी १९६३ साली एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. १९९१ मध्ये ती उभी राहिली ती पंचवीस वर्षे उभीच होती. २०१६ साली निवृत्त झाल्यावर मी तिच्यावरची ताडपत्री काढली आणि दोन वर्षांत तिला रस्त्यावर आणली.

इथवर सारे ठीक होते. पण वडिलांच्या वेळचा रस्ता आणि आजचा रस्ता यांत फरक आहे. तेव्हा समोरची गाडीही आपल्यासारखीच सावकाश थांबत असे. आज पुढची गाडी काडकन थांबते आणि आपण मागून घरंगळत जातो. मायनरला चारही चाकांना सात इंची ड्रम. त्यात दोन अर्धचंद्राकार पट्ट्या, म्हणजे ब्रेक-शू, आतून बाहेर पसरून ड्रमला घासतात. घाट उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक मारला की ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि शूपासून दूर सरकतो. लायनरही तापून गुळगुळीत होतो. पाय खाली खाली जात राहतो आणि गाडी काही ऐकत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात कात्रजच्या उतारावर हा अनुभव मी दोनदा घेतला. डिस्कचे तसे नसते. चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे कॅलिपर, वारा खेळता. आणि तबकडी तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. १९५३ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर बाजी मारली. १९५५ साली सित्रोएनने आपल्या डी. एस. गाडीच्या पुढच्या चाकांना ते दिले. मग आमच्या म्हातारीनेच का मागे राहावे?

मायनरला पुढे डिस्क बसवण्याचा संच इंग्लंडात तयार मिळतो. तिकडे या गाडीचे वेड अजून आहे. मी तो मागवला. तबकड्या, कॅलिपर, आधाराच्या पट्ट्या आणि एक व्हॅक्यूम सर्वो. मागचे ड्रम तसेच ठेवायचे, कारण हँडब्रेकची वायर त्यांनाच जाते. नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रींनी चार दिवसांत हे सारे चढवले. लोखंड बसवणे सोपे असते हो! खरी मेख असते ती ऑइलच्या नळीत. तबकडी, कॅलिपर दिसतात, त्यांचे कौतुक होते. नळीत बसणाऱ्या दोन-तीन बोटभर पितळी व्हॉल्व्हांकडे कुणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. त्याची शिक्षा तीन हप्त्यांत मिळाली. पसरणीचा घाट हा शेवटचा हप्ता.

पहिला हप्ता खेड-शिवापूरपाशी वसूल झाला. ब्रेक बदलल्यावर पहिलीच फेरी. गाडी जड चालू लागली, जळका वास आला, उतरून पाहतो तो पुढच्या चाकांजवळ हात नेववेना. पॅड तबकड्यांना चिकटून बसले होते. मिस्त्रींनी निपल सैल केला, ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटले. याचा अर्थ असा, की मी पाय उचलल्यावरही नळीत दाब शिल्लक राहत होता.

तो राहतो, कारण ठेवलेलाच असतो! जुन्या ड्रमच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. चौरस इंचाला आठ-दहा पौंड एवढा दाब तो नळीत कायम धरून ठेवतो. ड्रमच्या आतल्या रबरी वायसरांचे ओठ त्यामुळे सिलिंडरला टेकलेले राहतात, हवा आत शिरत नाही आणि ऑइल गळत नाही. शूला मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा दांडग्या असल्याने एवढ्याशा दाबाने ब्रेक लागत नाही. डिस्कला मात्र अशी स्प्रिंगच नसते. कॅलिपरचा दट्ट्या रबरी सीलच्या लवचिकपणाने केसभर मागे येतो, बस्स. त्याच्या पाठीशी दहा पौंड उभे राहिले की पॅड तबकडी सोडत नाही. संचाबरोबर आलेल्या कागदात हा व्हॉल्व्ह काढून टाकावा, असे स्पष्ट छापलेले होते. तो कागद मी जपून ठेवला होता, इतका जपून की मिस्त्रींना दाखवायचेच राहिले.

तर मास्टर सिलिंडर काढणे आले. मायनरचा मास्टर कुठे असतो, हे ठाऊक नसलेल्याला खरे वाटणार नाही. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीच्या पत्र्याखाली, चासीच्या पोटात असतो. ब्रेक ऑइल घालायचे तर आधी सतरंजी उचलावी लागते. आणि सिलिंडर बाहेर काढायचा तर त्याचे बोल्ट सरळ ओढता येत नाहीत; पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार नेमका त्यांच्या वाटेत आडवा येतो. इसिगोनिससाहेबांना नमस्कार असो, पण या बोल्टांपाशी आमच्या मिस्त्रींनी त्यांच्याविषयी जे काढले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

व्हॉल्व्ह निघाला. चाके मोकळी झाली. आणि दुसरा हप्ता सुरू झाला.

आता सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की पाय अर्ध्याहून खाली जायचा. दुसऱ्यांदा दाबला की ब्रेक वर. एअर राहिली असेल म्हणून तीनदा ब्लीडिंग केले. एअर नव्हती. कारण वेगळेच होते. मास्टर सिलिंडर जमिनीखाली आणि कॅलिपर त्याच्याहून उंच. गाडी उभी असताना नळीतले ऑइल हळूहळू मागे टाकीकडे परतू लागते, दट्ट्या चार केस जास्त मागे सरकतो आणि मग पहिल्या दाबात ती खिंडार भरण्यातच पायाची चाल खर्च होते. मागच्या ड्रमलाही आता धरून ठेवणारे कुणी उरले नव्हते. ज्या गाड्यांत मास्टर बॉनेटखाली उंचावर असतो तिथे डिस्कच्या नळीला ही कटकट नाही. जमिनीखाली असेल तर मात्र डिस्कच्या फाट्यावर दोन पौंडांचा आणि ड्रमच्या फाट्यावर दहा पौंडांचा, असे दोन वेगळे रेसिड्युअल व्हॉल्व्ह बसवावे लागतात. दोन पौंड म्हणजे किती? चार-साडेचार फूट उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. ऑइल मागे परतू नये एवढा पुरेसा, पॅड चिकटावा एवढा नव्हे. हे व्हॉल्व्ह दिसायला सारखे, रंगावरून ओळखायचे; आणि त्यांवर बाण असतो तो चाकाकडे करून लावायचा. उलटा लागला तर तो आपले काम करणार नाही.

हे बसवताना एक गोष्ट शिकलो ती इथेच सांगून टाकतो. व्हॉल्व्ह येतात अमेरिकेचे, गाडी इंग्लंडची, नळी नाना पेठेतली. तिघांचे आटे वेगळे आणि नळीच्या फुलवलेल्या तोंडाचा आकारही वेगळा. कुठल्याशा दुकानात आम्हाला "टेप गुंडाळा, बसतंय" असा सल्ला मिळाला. तो ऐकू नये. पाण्याच्या नळाला टेप ठीक. इथे हजार पौंडांचा दाब आहे आणि टेपचा एक धागा सुटून व्हॉल्व्हच्या बसणीत अडकला तर तो शोधायला मिस्त्री मिळतील, आपण मिळू की नाही ते सांगता येत नाही. योग्य अ‍ॅडॉप्टर यायला महिना लागला. महिनाभर गाडी ठोकळ्यांवर राहिली.

या दोन हप्त्यांत मी शहाणा झालो असे मला वाटले. पुण्यात आठ-पंधरा दिवस गाडी फिरवली. पायाखाली टणक, गोड ब्रेक. आणि मग गेलो पसरणीला.

त्या दिवशी काय झाले ते कळायला मला कॉलेजातले पदार्थविज्ञान पुन्हा उघडावे लागले. वाचकहो, थोडे आकडे देतो, कंटाळू नका. गाडी माणसांसकट साडेआठशे किलो धरा. उभी असताना त्यातले पंचावन्न टक्के पुढच्या चाकांवर, म्हणजे सुमारे ४६७ किलो पुढे आणि ३८३ मागे. तिच्या चाकांमधले अंतर ८६ इंच. गुरुत्वमध्याची उंची मी अदमासे वीस इंच धरली. आता ब्रेक इतका दाबा की गुरुत्वाकर्षणाच्या सात दशांश एवढा झटका बसावा. साडेआठशे गुणिले सात दशांश, गुणिले वीस, भागिले ८६. उत्तर येते १३८. म्हणजे १३८ किलो भार मागच्या चाकांवरून उठून पुढच्या चाकांवर जातो. पुढे ६०५, मागे २४५. उतारावर तर मागचा भार आणखी हलका होतो. थांबण्याचे काम शंभरातले सत्तर हिस्से पुढच्या चाकांनी करायचे असते ते यामुळे. मागच्या चाकांवर भार नाही, म्हणून पकड नाही. त्या वेळी त्यांना जास्त जोराने धरले की ती लॉक होतात.

आणि लॉक झालेले चाक दिशा धरत नाही. पुढची चाके आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरत जाते. स्टिअरिंग ऐकत नाही, समोर जे असेल त्यावर जाऊन आदळते. वाईट, पण सरळ. मागची आधी लॉक झाली तर मागचा भाग पुढे जायला बघतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. म्हणून गाडी बनवणारा कुणीही असो, पुढची चाके आधी आणि मागची नंतर, हा क्रम तो कधी मोडू देत नाही. मी तो मोडला होता.

कसा? इथे पुढे डिस्क बसवणाऱ्या बहुतेकांची समजूत चुकते. त्यांना वाटते, पुढचे ब्रेक जबर झाले, आता मागचे दुबळे पडतील. मलाही तसेच वाटे. पण मायनरच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढले जात. चाकच शूला आत खेचून घेई, थोड्या दाबात पुष्कळ पकड. मागे येताना मात्र तोच ब्रेक निम्मा होई. चढावर गाडी मागे घरंगळली तर वडील हँडब्रेकला हात का घालत, ते मला साठ वर्षांनी कळले. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिला दाब जास्त लागतो. म्हणून सर्वो बसवायचा. इंजिनच्या ओढीवर चालणारा हा डबा पायाचा दाब जवळजवळ दुप्पट करतो. पण आमच्या गाडीत नळी एकच! सर्वोतून निघून ती पुढे फाटते. दुप्पट दाब पुढच्या डिस्कला मिळाला, तसाच तो मागच्या बिचाऱ्या ड्रमलाही मिळाला. ज्या ड्रमला वडिलांच्या पायाने कधी चारशे पौंड दाखवले नव्हते, त्याला मी आठशे दाखवले. तो थिजला तर दोष त्याचा नव्हे.

कारण कळले. उपायावरून माझे आणि मिस्त्रींचे आठ दिवस भांडण चालले.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, सर्वो फक्त पुढच्या फाट्यावर घ्या. मागचे राहू द्या जुन्यासारखे. पैसेही नकोत, व्हॉल्व्हही नको."

सूचना मूर्खपणाची नव्हती. त्यात मागच्या चाकांना नेहमीच पुढच्याच्या निम्मा दाब मिळाला असता आणि गाडी फिरली नसती. पण पावसात काय? ओल्या रस्त्यावर झटकाच चार दशांशाचा मिळतो. पुन्हा तेच गणित करा: भार ७९ किलोच सरकतो, मागे ३०३ किलो उरतात. म्हणजे हलक्या ब्रेकला मागच्या चाकांनी बरेच काम करावे आणि जोराच्या ब्रेकला थोडे करावे, असे प्रमाण हवे. ठरीव निम्मे प्रमाण हलक्या ब्रेकलाही मागच्या चाकांना बसवून ठेवते. मागच्या ड्रममध्ये लहान व्हील सिलिंडर बसवणे हा दुसरा उपाय; त्यातही हीच उणीव.

मला हवा होता प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. तो मागच्या नळीत बसतो. एका ठरावीक दाबापर्यंत तो आहे की नाही हे कळतसुद्धा नाही. पुढे जेवढा दाब तेवढाच मागे. तो बिंदू ओलांडला की मग पुढचा दाब शंभराने वाढला तर मागचा चाळीस-पंचेचाळीसने वाढतो. इसिगोनिसनेही मिनीच्या मागच्या नळीत दाब आवरणारा व्हॉल्व्ह बसवला होता. नाकात इंजिन खुपसलेल्या त्या गाडीची शेपूट मुळातच हलकी. मालवाहू गाड्यांत तर मागच्या आसाला दांडी जोडलेला व्हॉल्व्ह असतो, तो माल किती भरला हे पाहून मागचा दाब ठरवतो.

आता यातही दोन जाती. एकाने सांगितले, जुन्या बाजारात अमेरिकन गाडीचा तयार कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह मिळेल, तो लावून टाका. एका पितळी ठोकळ्यात तीन कामे. एक, मागचा दाब आवरणे. दोन, मीटरिंग, म्हणजे पुढची डिस्क क्षणभर रोखून धरणे, जेणेकरून मागचे शू स्प्रिंगांशी झगडून ड्रमला टेकतील आणि मगच पुढचे पॅड लागतील. तीन, एक नळी फुटली तर दिवा लावणे. अमेरिकेत १९६८ पासून पुढच्या-मागच्या ब्रेकना वेगळ्या नळ्या सक्तीच्या झाल्या, तेव्हापासून हे ठोकळे तिकडे सर्रास झाले. वस्तू उत्तम. पण तिच्यातला बिंदू त्या विशिष्ट गाडीसाठी कारखान्यात ठरवून ठेवलेला असतो. दीड टनाच्या, लांब नाकाच्या गाडीचे प्रमाण माझ्या साडेसातशे किलोच्या मायनरला लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून पोथी वाचणे. शिवाय मीटरिंगची मला गरज वाटली नाही. मागच्या फाट्यावर दहा पौंडांचा व्हॉल्व्ह असल्याने शू आधीच ड्रमच्या जवळ उभे होते. बर्फाच्या देशात, निसरड्यावर हळू चालताना पुढची चाके आधी धरू नयेत म्हणून मीटरिंग कामाचे. वाई-पाचगणीला त्याचे काय?

म्हणून मी घेतला फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. वर एक गुंडी, ती पिळली की तो बिंदू वर-खाली होतो. याच खेपेला आणखी एक काम उरकले, जे खरे तर पहिल्या दिवशीच करायला हवे होते: बॉनेटखाली दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला. पुढची नळी वेगळी, मागची वेगळी. एक फुटली तरी दुसरी हाती राहते. तो उंचावर आल्याने डिस्कचा दोन पौंडी व्हॉल्व्ह काढून टाकला, मागचा दहा पौंडी ठेवला. मिस्त्रींनी टॉर्शन बारकडे पाहून कायमचा रामराम केला.

बोअर निवडतानाही मोह होतो. जाडा सिलिंडर म्हणजे दणकट ब्रेक, असे वाटते. उलटे आहे. पायाने दोनशे किलोचा रेटा पोहोचला असे समजा. सात-अष्टमांश इंची बोअरला त्याचे सुमारे ७३० पौंड होतात आणि पाऊण इंचीला जवळजवळ हजार. बारीक बोअरला दाब जास्त, पण पायाची चालही तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढते. मी सात-अष्टमांशच ठेवला.

मग आली परीक्षा. शहराबाहेर एका ओळखीच्या गृहस्थांच्या मोकळ्या, डांबरी आवारात, रविवारी पहाटे. मी गाडीत, मिस्त्री दूर एका बाजूला, मागच्या चाकांवर डोळा ठेवून. पुढच्या आणि मागच्या निपलला एकेक दाबमापक. आधी गुंडी अशी फिरवली की मागे कमीत कमी दाब जावा. हे महत्त्वाचे; सुरुवात नेहमी कमीपासून. पुढे ८०० तर मागे ४०० दिसू लागले. ताशी चाळीसवर जोराचा ब्रेक मारला. पुढची चाके किंचाळली, मागची फिरत राहिली, गाडी सरळ. गुंडी अर्धा फेरा. पुन्हा. असे करत चौदाव्या खेपेला मिस्त्रींनी हात वर केला. पुढची लॉक झाल्याबरोबर मागचीही झाली होती. तिथून गुंडी एक फेरा उलटी आणली. पुढे ८०० ला मागे ४७५. मग मिस्त्रींनी टँकरचे पाणी मारून आवार भिजवले आणि सारे पहिल्यापासून. ओल्यातही पुढची आधी, मागची नंतर. शेवटी गुंडीचा नट आवळून त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. ती बॉनेटखालीच ठेवली. काही जण ती ड्रायव्हरच्या हाताशी घेतात, चालत्या गाडीत फिरवायला. शर्यतीत ठीक असेल. मला तेवढा स्वतःवर भरवसा नाही, आणि नातीवर तर मुळीच नाही.

कागदाचेही सांगायला हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत आहे. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम आले, त्यांत चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा असे म्हटले आहे. अशी खास नोंदणी घेतली तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मी दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी लेखी विचारले आणि तो कागद गाडीतच ठेवतो. काढलेले ड्रम, शू, बॅकप्लेट, सारे तेल लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर आहे. ज्याला कुणाला ही गाडी पुढे मिळेल त्याने वाटल्यास ते परत चढवावे.

राहता राहिली सौ. मी आकडे सांगितले, तिने भाजी निवडली. चारशे पंच्याहत्तर हा आकडा तिला चारशे रुपये किलोच्या काजूइतकाही रुचला नाही. शेवटी मिस्त्रीच घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, परवा मी साहेबांना बाजूला बसवून स्वतः पसरणी उतरून आलो. माझी मंडळी मागे होती." हे मला नवीन नव्हते, पण त्यांच्या पत्नी मागे डोळे मिटून देवाचे नाव घेत बसल्या होत्या, हे त्यांनी सांगितले नाही, मीही नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही पुन्हा निघालो. वर जाताना सौ.ने ढोल्या गणपतीला नारळ फोडला. उतरताना ते वळण आले तेव्हा तिने दाराचा दांडा घट्ट धरला. वळणापलीकडे ट्रक नव्हता, क्लीनरही नव्हता. रस्ता मोकळा. मी आरशात पाहिले, मागे कुणी नव्हते. तिला म्हणालो, "धर हं," आणि त्या दिवशीइतकाच जोरात ब्रेक दाबला. मॉरिसने नाक खाली घातले, पुढची चाके एकदा ओरडली, आणि ती आपल्या रेषेत, सरळ, उभी राहिली. पाठच्या सीटवरची पेटी तेवढी पुढे येऊन सांडली.

नात म्हणाली, "फिरली नाही!" तिच्या आवाजात निराशा होती.

सौ.ने दांडा सोडला, मागे वळली आणि पायाशी घरंगळलेल्या स्ट्रॉबेरी एकेक करून वेचू लागली. "निघा आता," ती म्हणाली. "वाईला थांबू नका. ऊन वाढायच्या आत घरी पोहोचू."